चकतीनं काय सांगितलं

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. आज शाळा उघडली आणि माझा संयमही आजच संपला.

संध्याकाळी झरीच्या शाळेतून बसनं परभणीला परतले. स्टँडवर नागेश गाडी घेऊन उभा होता. म्हटलं, "तुम्ही भाजी घ्या, तोवर मी धम्मशीलासाठी डबे बघते." डबे घेतले, शेजारी वह्या घेतल्या, एक बाई भेटल्या त्यांच्याशी बोलले. परत आले तर हा माणूस भाजीच्या गाड्यासमोर तसाच. पिशवी रिकामी. एका हातात कोबी, दुसऱ्या हातात गवार.

"काय घेऊ?" त्यानं मला विचारलं.

"घ्या काहीही. एवढं काय त्यात?"

त्यानं गवार पिशवीत टाकली.

"गवार? परवाच तर झाली."

त्यानं गवार परत ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिला. शेवटी कोबी मीच घेतली. नेहमीसारखी.

माझं वय चव्वेचाळीस. त्यातली वीस वर्षं नागेशच्या "तू सांग" मध्ये गेली. लग्नाचा हॉल मी ठरवला, तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट मी ठरवला, लेकीचं नर्सिंग मी ठरवलं. आणि पाणी येत नाही म्हटलं की सोसायटीत सगळे म्हणतात, मॅडमनीच पसंत केला ना फ्लॅट! म्हणजे निर्णय माझा, चूकही माझीच. तो मात्र गरीब स्वभावाचा.

समोर मी त्याला अहो म्हणते. या वहीत नागेश. कुठंतरी मोकळं बोलता आलं पाहिजे.

धम्मशीला उद्या नांदेडला हॉस्टेलवर जाणार. रात्रीच्या जेवणाला दही की ताक, यावर बापाचं चाललेलं बघून ती हसायला लागली. तिनं त्याच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. त्यात पर्याय लिहायचे, बटण दाबायचं, रंगीत चकती गरगर फिरते आणि एका नावावर थांबते. मग तेवढंच नाव मोठ्या अक्षरात येतं.

"पप्पा, आता मम्मीला विचारायचं नाही. चकतीला विचारायचं."

नागेशनं चष्मा पुसून तीनदा फिरवून बघितली. ताक आलं. तो ताक प्याला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

विश्वास बसत नाही. आज दहा मिनिटांत भाजी घेऊन घरी. मेथी.

मी म्हटलं, "मेथी कशाला? निवडत कोण बसणार?"

तर म्हणतो, "चकतीनं सांगितलं."

चकतीशी काय वाद घालायचा? आणि खरं म्हणजे मेथी त्यानंच निवडली, ओट्याशी उभा राहून, शीळ घालत. मला बरं वाटलं. धम्मशीलाला फोन करून सांगितलं, तुझा बाप सुधारला.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नळाचा माणूस बोलवायचा, वरचं कपाट रिकामं करायचं, संध्याकाळी पूर्णेला माझ्या माहेरी जाऊन यायचं असं मी ठरवलं होतं. सकाळी चहा पिता पिता नागेशनं फोन काढला, बटण दाबलं आणि फोन माझ्यापुढं धरला. "देवगाव."

देवगाव म्हणजे त्याची आई. देवगाव फाट्यापासून आत दोन किलोमीटरवर त्यांचं गाव आहे. सासरे गेल्यापासून सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, तिथं एकट्याच राहतात. किती वेळा म्हटलं, इथं या. येत नाहीत.

"मागच्या रविवारीच गेला होतात की."

"मी कुठं म्हणलो जायचं? चकती म्हणायली."

गेला. रेल्वेनं सेलू, तिथून एसटी. जाताना बाजारातून नवं पातेलं घेतलं. आत्याबाईंनी दुधाचं पातेलं जाळलं म्हणे, दिवाळीपासूनचं तिसरं. दिवसभर टीव्ही बघत बसायचं आणि दूध गॅसवर. नवं पातेलं आयतं मिळतंय तर लक्ष कशाला द्यायचं!

नळाचा माणूस मीच बोलावला. कपाट मीच काढलं. पूर्णा राहिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चकतीनं आज त्याला पिवळा शर्ट घालायला लावला. तहसील कचेरीत सगळे हसले म्हणे. तोही हसला. सांगताना अजून हसत होता.

खरी बातमी ही की बढतीची यादी लागली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर नागेश अव्वल कारकून होणार. गंगाखेड, सेलू आणि पालम इथं जागा आहेत. पसंती लिहून द्यायची, पाच डिसेंबरच्या आत.

यात विचार करण्यासारखं काही नाही. गंगाखेड. इथून थेट गाडी आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. सेलूलाही गाडी आहे, मला माहीत आहे. पण सेलू म्हणजे रोज आईकडं वाट वाकडी करणं, मग एक दिवस मुक्काम, मग चार दिवस. मी त्याला ओळखते.

"गंगाखेड लिहा," मी म्हटलं.

"बघू," तो म्हणाला.

बघू काय? ठरलंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा देवगाव. चकती! मी म्हटलं, चला, मीही येते. बघते तरी इतकं काय आहे तिथं.

जायला नको होतं.

अंगणात पाय ठेवला तर आत्याबाई मला आपादमस्तक बघून म्हणतात, "ये धुरपता." धुरपता म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वारून बारा वर्षं झाली. ती आयुष्यभर गावात कशासाठी प्रसिद्ध होती, तर भांडणासाठी. पाण्याच्या हंड्यावरून तिनं एकदा सरपंचाला ओट्यावरून खाली ओढलं होतं. टोमणा मला कळला.

मग चहा झाला. कप विसळून होतात न होतात तोच, "बसा, चहा टाकते." मी नको म्हटलं तर ऐकलं नाही. आपल्या हातचा चहा सुनेला आवडला नाही असं दाखवायचं असणार. दुसऱ्यांदा चहा प्याले. साखर इतकी की जीभ चिकटली.

आणि निघताना कळस. माझा हात हातात घेऊन, अगदी गोड आवाजात, "कोन्या गावची गं तू, पोरी?"

वीस वर्षांनी! माझं माहेर काढलं. आमची पूर्णेची माणसं साधी, लग्नात मानपान कमी पडला, हे आजवर तोंडानं कधी बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या.

मी नागेशकडं बघितलं. म्हटलं, हा काहीतरी बोलेल, माय असं काय बोलतेस म्हणेल. तो चपलेचा अंगठा नीट करत खाली वाकलेला. दोन मिनिटं वाकलेलाच होता.

येताना सेलूपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानं दोनदा फोन काढला, चकती फिरवली, बघितली आणि खिशात ठेवली. काय विचारत होतात म्हणून विचारलं तर म्हणतो, "काई न्हाई. असंच."

२६ नोव्हेंबर, बुधवार

संविधान दिनाचं उद्देशिका वाचन झालं. मग दहावीला संभाव्यता शिकवली. शिकवता शिकवता माझ्याच डोक्यात प्रकाश पडला.

रविवारच्या चकतीत चार पर्याय आहेत असं नागेश सांगतो. घर, देवगाव, पूर्णा, बाजार. लागोपाठ दोनदा देवगाव येण्याची शक्यता सोळात एक. होऊ शकतं. पण भाजीत पाचदा मेथी? सहा भाज्यांतून पाचदा मेथीच? फळ्यावरच गुणाकार करून बघितला आणि पुसून टाकला. पोरं बघत राहिली.

ॲप सदोष आहे. मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर शोधून काढलं आणि एक तारा दिला. लिहिलं, "हे ॲप यादृच्छिक नाही. एकच पर्याय वारंवार येतो. ज्यांनी बनवलं त्यांनी आधी गणित शिकावं. सौ. सुकेशनी, गणित शिक्षिका."

संध्याकाळी धम्मशीलाला फोन केला.

"मम्मी, ॲप बरोबर आहे गं."

"कशावरून? सहाच्या पाचव्या घाताचा हिशेब आहे हा."

तिनं मैत्रिणीला दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाली, "असू दे ना मम्मी. पप्पा खूश आहेत ना?"

नर्सिंगच्या पोरींना संभाव्यता शिकवत नाहीत वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार

देवगाव. चौसष्टात एक.

मी गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बरं," आणि मला वाटलं त्याला सुटल्यासारखं झालं. संध्याकाळी आला तो थकून. डोळे लाल. विचारलं तर म्हणे धूळ गेली. शेजारचे बजरंगभाऊ आज आत्याबाईंना फाट्यावरून घेऊन आले म्हणे.

"फाट्यावर कशाला गेल्या होत्या?"

"माझ्या बाला आणायला."

"बाबांना? कुठून?"

"फोटो गं. फ्रेम करायला दिलता," असं म्हणून अंघोळीला गेला.

रविवारी फोटो फ्रेमवाला उघडा असतो होय? या माय-लेकरांचं मला काही कळत नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

शुक्रवारी शेवटचा दिवस. पसंतीचा कागद अजून कोरा.

आज मी शांतपणे, वर्गात समजावते तसं, मुद्दे काढून समजावलं. गंगाखेडची गाडी. माझी नोकरी. धम्मशीलाची परीक्षा. आत्याबाईंना इथं आणायचं, मागची खोली रिकामी आहे, मी पडदेसुद्धा बघून ठेवलेत. सगळं बसतंय.

नागेश पोळीचा एकच तुकडा वरणात बुडवत राहिला.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं..."

"पालमचं तर नावच नको. एसटीत हाडं खिळखिळी होतील."

"पालम न्हाई म्हणत मी. मी काय म्हणायलोय..."

"मग गंगाखेडच राहिलं की."

तो पोळी खायला लागला. बघा! हे असं असतं. बोला म्हटलं तरी बोलत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

इतकी चिडले आहे की पेन कागदात रुततंय.

संध्याकाळी म्हटलं, लिहा आता, उद्या द्यायचंय. तर हा म्हणतो, "चकती फिरवू."

"नोकरीची जागा चकतीवर ठरवतात का?"

"मंग तू मला आजपतोर सगळं चकतीवर ठरवू दिलंस ते?"

"ती मेथी होती! शर्ट होता!"

"एकदाच फिरवतो."

मला इतका वैताग आला की म्हटलं, फिरवा. एकदाची फिरवा आणि संपवा. तीनात एक शक्यता गंगाखेडची, पण निदान हा विषय तरी मिटेल. त्यानं फोन स्वतःकडं धरून बटण दाबलं. टिंग वाजलं. फोन माझ्याकडं वळवला. सेलू.

"पुन्हा," मी म्हटलं. "तीनातून दोनदा जे येईल ते."

"न्हाई."

"द्या इकडं. मी फिरवते."

मी फोनला हात घातला आणि नागेशनं तो छातीशी धरला. वीस वर्षांत या माणसानं माझ्या हातून एक चमचा ओढून घेतलेला नाही. आज फोन धरून उभा राहिला. चेहरा पांढरा पडलेला.

म्हणाला, "चकतीनं सांगितलं," आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

रंगीत चकतीपुढं मी हरले.

५ डिसेंबर, शुक्रवार. शाळेत, चौथा तास मोकळा

सकाळी घडलं ते आत्ताच लिहिते. संध्याकाळपर्यंत मी ते माझ्या सोयीचं करून टाकीन.

सातला सिलिंडरवाला आला. खालून ओरडला, "कोड सांगा, मॅडम." कोड नागेशच्या फोनवर येतो. तो अंघोळीला गेला होता. फोन टेबलावर, शेजारी पसंतीचा कागद, अजून कोराच. कोड बघितला, खिडकीतून ओरडून सांगितला. आणि मग, खोटं कशाला लिहू, ते ॲप उघडलं. दोष कुठं आहे ते मला बघायचं होतं.

आत जुन्या याद्या जपून ठेवलेल्या होत्या. भाजीची यादी उघडली. मेथी, मेथी, मेथी, मेथी, मेथी, मेथी. रविवारची उघडली. देवगाव, चार वेळा. कालची उघडली. सेलू, सेलू, सेलू.

ॲप बरोबर होतं. मी जाहीरपणे त्याला एक तारा दिला होता, नाव लिहून.

शर्टाची यादी मात्र खरी होती. पाच वेगळे शर्ट. आणि आणखी एक खरी यादी होती, सगळ्यांत खाली. तिला नाव होतं "मायचं". पर्याय दोनच. "आज सुकेशनीला सांगू" आणि "आज नको". किती वेळा फिरवली, काय आलं, ते खाली दिसतं. बावीस वेळा फिरवली होती. तेरा वेळा "आज सांगू" आलं होतं.

तेरा वेळा चकतीनं सांग म्हटलं आणि त्यानं सांगितलं नाही.

नागेश टॉवेलनं डोकं पुसत आला. माझ्या हातात फोन बघून थांबला. मी रागावणार होते. तोंडात वाक्यही तयार होतं. पण तोंडातून निघालं वेगळंच.

"आत्याबाईंचं काय सांगायचं होतं?"

तो खुर्चीवर बसला. डोक्याचं पाणी कागदावर ठिबकायला लागलं म्हणून मी कागद सरकवला.

"माय विसरायली," तो म्हणाला. "आखाडापासनं. आधी चाव्या, मंग गॅस. मंग माणसं. रजा टाकून डॉक्टरला दाखवलं. ते म्हणले, हे वाढतच जातं, माघारी येत न्हाई. रविवारी फाट्यावर बसली होती तीन तास. बा बाजाराला गेलाय, यायला उशीर झाला म्हणली."

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.

धुरपता. दोनदा चहा. कोन्या गावची तू. मी या वहीत काय काय लिहून ठेवलंय, ते पानं न उलटताच मला आठवलं. उलटायचं धाडस झालं नाही.

"मला का नाही सांगितलं? मी काय परकी आहे?"

"तुला सांगितलं असतं तर तू ठरवलं असतंस."

"मग?"

"लय चांगलं ठरवलं असतंस. दवाखाना, गोळ्या, सामानाचा टेम्पो. दोन दिवसांत माय इथं तिसऱ्या मजल्यावर आली असती. नव्या पडद्यांच्या खोलीत."

"त्यात चूक काय आहे?"

"चूक न्हाईच ना. मंग मी काय बोलणार?" त्याचा आवाज चढला. मग खाली आला. "ती मला म्हणली होती, नागेश, मला या अंगणातून हलवू नको. भानावर होती तेव्हा म्हणली. मी हो म्हणलो. मी आजवर कुनाला हो म्हणलोय, सांग बरं, तुला सोडून?"

मी म्हटलं, वीस वर्षं मी ठरवत आले, कारण तुम्ही गप्प बसता. तो म्हणाला, मी तोंड उघडायच्या आत तू ठरवून मोकळी होतीस. मी म्हटलं, कुणीतरी ठरवायला नको का? तो म्हणाला, पाहिजे. मग ते तिथंच सोडलं, कारण दोघांचंही खरं होतं आणि माझी सव्वाआठची बस होती.

दाराशी चप्पल घालताना मी विचारलं, "कागदावर काय लिहिणार?"

"सेलू."

चकती नाही, काही नाही. माझ्याकडं बघून म्हणाला.

धम्मशीलाला हे माहीत होतं का? फोन करून विचारायचंय. विचारायचं धाडसही नाही.

७ डिसेंबर, रविवार

काल सहा डिसेंबर. सकाळी पुतळ्याजवळ अभिवादनाला दोघं सोबत गेलो, नेहमीसारखं. बोललो नाही. आज देवगावला गेलो. नागेशनं फोन काढला नाही, मीही विचारलं नाही, दोघं आवरून निघालो.

मी मनात सगळं ठरवून गेले होते. कबूल करते. आत्याबाईंची अवस्था बघायची, नागेशला समजवायचं, इथं आणायचं. अंगणाचं भावनिक ठीक आहे, पण गॅस आणि फाटा ही जिवाची गोष्ट आहे.

आत्याबाई ओसरीवर उडीद पाखडत होत्या. मला बघून हसल्या. ओळखीचं हसू नव्हतं. पाहुण्याला हसतात तसं. मी शेजारी बसले. त्यांनी काही न बोलता दुसरं सूप माझ्यापुढं सरकवलं.

मला पाखडता येत नाही. दाणे सगळे बाहेर उडाले. त्यांनी माझी मनगटं धरली, सूप जरा वाकडं करून दिलं, "अशी. वारं कुनीकडनं हाय ते बग आदी." त्या हातांना सगळं ठाऊक होतं. उठल्या, न बघता उंबऱ्यावरून पाय उचलला, न बघता खुंटीवरून दोर काढला, शेळीला बांधलं, राखेच्या डब्यातून चिमूट घेऊन दात घासायला लागल्या. दुपारी दीड वाजता. तरीपण.

मग बजरंगभाऊंची बायको शिवकन्या आली. तिनं मला मागच्या बाजूला नेऊन दाखवलं. न्हाणीच्या आडोशाच्या ताटीचा एक कोपरा काळा पडला होता. चुलीतलं जळतं लाकूड आत्याबाईंनी तिथं नेऊन टेकवलं होतं, मंगळवारी. "मी होते म्हणून बरं, वहिनी. रोज मी असंन का?"

परत ओसरीवर आले. नागेश वाट बघत होता. म्हणाला, "बोल."

इथं राहिल्या तर जळतील. तिकडं नेलं तर त्या हातांचं काय होईल? तिसऱ्या मजल्यावर वारं कुणीकडून आहे ते बघून काय करायचं त्यांनी? मी दोन्ही बाजू मांडल्या. खरंच मनात मांडल्या, एकेक मुद्दा. उत्तर येईना. इतकी चीड आली स्वतःची.

"मला कळत नाही," मी म्हटलं.

नागेश माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी इथं ऱ्हातो. इथून सेलू मोटरसायकलवर पाऊण तास. दिवसा शिवकन्यावहिनी बघतील, त्यांच्याशी बोलणं झालंय माझं. शनिवारी तू ये, न्हाईतर धम्मशीला येईल. जमंल तोवर असं. न जमलं तर मी सांगंन तुला."

म्हणजे त्यानं सगळं ठरवलेलं होतं. कधीचं.

"आणि मी? परभणीत एकटी?"

"हां," तो म्हणाला. "त्याचं मला लय वाईट वाटतंय."

एवढंच. पर्याय दिला नाही, तू सांग म्हणाला नाही. मला रडू आलं, आणि ते आत्याबाईंसाठी होतं की माझ्यासाठी, ते अजून कळलेलं नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

सेलूचा आदेश आला. एक तारखेला हजर व्हायचं. आज त्याची बॅग भरली. म्हणजे मी भरायला घेतली, त्यानं अर्धे कपडे बाहेर काढले. स्वेटर नको म्हणतो. थंडी किती आहे बघितलीय का?

धम्मशीला आलीय. तिला दिवाळीत आत्याबाईंनी ओळखलं नव्हतं, तेव्हापासून तिला शंका होती. पप्पांनी शपथ घातली होती. "तू त्या ॲपला शिव्या द्यायचीस ना मम्मी, तेव्हा मला हसावं की रडावं कळायचं नाही." मी तिच्यावर चिडले. मग त्या एका ताऱ्याचे पाच केले. न्याय म्हणजे न्याय.

स्वेटर मी बॅगेच्या तळाशी घातलाय. त्याला सांगितलेलं नाही.

३ जानेवारी, शनिवार

आज शाळेची केंद्रावर मीटिंग होती, म्हणून जाता आलं नाही. घर शांत आहे. स्वयंपाक एकटीचा, भाजी कोणती करायची ते मीच ठरवते आणि "काय घेऊ" म्हणून कुणी विचारत नाही. आवडायला हवं होतं मला हे.

१३ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी सातला नागेशचा फोन.

म्हणाला, आज मायनं भाकरी केली. गॅसवर, स्वतःच्या हातानं.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, शेगडी काढून टाका म्हणून मी रविवारी सांगून आले होते ना?

"न्हाई काढली."

"का?"

"कारण ती माझी आई हाय आणि मी इथं हाय. मी समोर बसल्यावर करते ती भाकरी. हात थांबले की माणूस बसतं."

"आणि तुम्ही कचेरीत गेल्यावर?"

"रेग्युलेटर काढून डबीत घालून घेऊन जातो मी. रोज. तहसीलदार साहेबांनी इचारलं पण, नागेशराव, हे काय."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू इचारलं कुठं? तू सांगायलीस."

मी म्हटलं, विचारते मग. चूल? चुलीचं काय केलं? तर म्हणे चूल विझवून पाणी मारून जातो. मी म्हटलं, पाणी मारून भागत नाही, राखेत निखारा राहतो. तो म्हणाला, मला चूल शिकवतीस का, मी खेड्यात वाढलोय, तू पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत. मी म्हटलं, रेल्वे कॉलनीत आग लागली की काय होतं ते मी बघितलंय. तो ओरडला. मी ओरडले. मग अंघोळीच्या पाण्याच्या बंबाचा विषय निघाला. तो म्हणतो मायला बंबाच्याच पाण्यानं अंघोळ लागते, मी म्हणते बंबात गोवऱ्या घालायला त्या एकट्या गेल्या तर? तो म्हणाला, बंब माळ्यावर टाकलाय, सकाळी मी उतरवतो. मी म्हटलं, तुमची पाठ! तो म्हणाला, माझी पाठ माझी हाय.

मागून आत्याबाईंचा आवाज आला. "कोन हाय रे फोनवर?"

"तुझी सून," नागेश म्हणाला.

"तिला म्हणावं, जेवून जाय."

मग मी म्हटलं, आणि माळा पडका आहे त्याचं काय? आणि पुन्हा सुरू.

खालच्या मजल्यावरच्या नर्मदाबाईंनी वर येऊन दार वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना, एवढं कधी ऐकू येत नाही तुमच्याकडून. खरं आहे. वीस वर्षं मी बोलायचे आणि तो ऐकायचा. भांडायला दोघं लागतात. रागानं माझे कान तापले होते, घसा बसला होता आणि पोटात सपाटून भूक लागली होती.

शेवटी तोच म्हणाला, "आता ठेव. माय जेवायची खोळंबलीय."

मी ठेवला. पण उद्या सातला मी लावणार आहे. त्या माळ्याबद्दल माझं म्हणणं अजून पुरं झालेलं नाही.